बांध नसलेलं शेत

स्टारड्यू व्हॅली या गेममध्ये भात वसंत ऋतूत लावतात. पिएरच्या दुकानात ४० नाण्यांना रोप मिळतं, आठ दिवसांत ते कापणीला येतं. तळ्याच्या किंवा नदीच्या अगदी काठाला लावलं तर पाणीही घालावं लागत नाही आणि पीक दोन दिवस आधी हाती लागतं. मी ते पहिल्यांदा लावलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. महापेची शिफ्ट संपवून घरी आले होते आणि झोप येत नव्हती. काठाला बारा रोपं लावली, हिरवा पट्टा दिसायला लागला, छान वाटलं. तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. ते काय, हे दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना लक्षात आलं. त्या भाताला बांध नव्हता.

आमचं घर नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातलं. आगरी घरात भात म्हटलं की आधी बांध येतो, रोप नंतर येतं. बांध आहे म्हणून पाणी उभं राहतं, पाणी उभं आहे म्हणून चिखल होतो, चिखल आहे म्हणून लावणी होते. बांधाच्या पलीकडे दुसऱ्याचं शेत असतं. त्याच्याशी भांडण असतं, त्याच्याकडेच सावडीला, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर कामाला, जायचं असतं. हे मी स्वतः केलेलं नाही. मी जन्मले तोवर आमच्या शेतावर सेक्टर उभे राहिले होते. पण आजीने लावणी केली आहे, आईने लहानपणी आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटून मुठी बांधल्या आहेत, आणि घरातल्या बोलण्यात ते शेत अजून आहे. त्या बोलण्यावर वाढलेलं माणूस स्क्रीनवरच्या शेतात आधी बांध शोधतं.

या प्रकारच्या गेमबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण नवी मुंबईतल्या कितीतरी मुलांनी पाहिलेलं हे एकमेव शेत आहे. माझा अकरा वर्षांचा भाचा त्यांतला एक. त्याला पेरणी, खत, बुजगावणं हे शब्द या गेममुळे कळले. वांगं आणि टोमॅटो कुठल्या ऋतूत येतात हे त्याने मला विचारलं तेही गेम खेळल्यावर. ही गोष्ट चांगली आहे की वाईट, यावर आमच्या घरात वाद झालेले आहेत. मी त्यात गेमच्या बाजूने बोलत आले आहे. आजही बोलेन, पण एका मोठ्या तक्रारीसह.

आधी बाजू मांडते. स्टारड्यू व्हॅली २६ फेब्रुवारी २०१६ रोजी आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने सुमारे साडेचार वर्षं खपून तो तयार केला होता. चित्रं त्याची, संगीत त्याचं, लेखन त्याचं, प्रोग्रॅमिंगही त्याचंच. त्याने समोर ठेवलेला नमुना १९९६ सालच्या जपानी गेमचा, पश्चिमेत हार्वेस्ट मून या नावाने गेला त्याचा. तो गेम यासुहिरो वादा यांनी केला. वादा खेड्यात वाढले आणि टोकियोत आल्यावर त्यांना गावाकडचं जगणं आठवत राहिलं, त्यातून तो खेळ सुचला. म्हणजे या सगळ्या प्रकाराचं मूळच गाव सुटलेल्या माणसाच्या मनात आहे. ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत रात्रपाळी करणाऱ्या मुलामुलींना तो का जवळचा वाटतो, याचं मला नवल वाटत नाही. गेमची सुरुवातही अशीच होते. जोजा नावाच्या कंपनीतल्या टेबलाशी बसून थकलेला माणूस आजोबांनी दिलेलं पाकीट उघडतो, त्यात शेताचे कागद निघतात, आणि तो बस पकडून गावी जातो.

त्यानंतरचं जे काही आहे ते फार मायेने केलेलं आहे. हातात ५०० नाणी आणि पार्स्निप नावाच्या पांढऱ्या कंदाच्या १५ बिया. दिवस सकाळी सहाला सुरू होतो, आणि गेममधला अख्खा दिवस आपल्या घड्याळात चौदा मिनिटांच्या आसपास संपतो. अंगात शक्ती ठरावीक, ती संपली की कुदळ उचलवत नाही. फ्लॉवरला बारा दिवस लागतात. खिशातले खरे पैसे टाकून ते अकरा करता येत नाहीत, कारण या गेममध्ये एकदा विकत घेतल्यावर पैसे टाकायची सोयच नाही. २००९ साली फेसबुकवर आलेला फार्मव्हिल ज्यांनी खेळला आहे त्यांना हा फरक लगेच कळेल. तिथे वेळेवर परत आला नाहीत तर पीक सुकायचं, घाई हवी असेल तर खिशात हात घालायला लागायचा, आणि मित्रांना सारखे निरोप पाठवायला लागायचे. तो गेम २०२० च्या शेवटच्या दिवशी बंद झाला. स्टारड्यूमध्ये महिनाभर गेलं नाही तरी शेत आहे तसं थांबलेलं असतं. पुढची सगळी भर बॅरोनने फुकट घातली, अगदी मार्च २०२४ मधल्या १.६ या मोठ्या अपडेटपर्यंत. २०२४ संपता संपता त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. खेळणाऱ्याला लुबाडायचं नाही असं ठरवून एवढं यश मिळतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पावसाबद्दल वेगळं सांगायला हवं. घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान लागतं, आणि पाऊस सांगितला की मनाला इतका मोकळेपणा येतो की काही विचारू नका. पाणी घालायचं काम वाचलेलं असतं. नवी मुंबईत पाऊस म्हटला की आम्ही आधी हार्बर आणि ट्रान्स-हार्बरची लोकल बघतो, मग भुयारी मार्ग बघतो, मग ऑफिसला मेसेज टाकतो. पाऊस आला म्हणून बरं वाटावं, ही भावना मला या गेमने दिली. आजीला ती न शिकवता होती.

ऋतू चार आणि प्रत्येक २८ दिवसांचा. अठ्ठाविसाव्या रात्री ऋतू बदलतो आणि जे पीक त्या ऋतूचं नाही ते सकाळी वाळून उभं असतं. माझ्या भाच्याने पंचविसाव्या दिवशी हौसेने फ्लॉवर लावला होता. सकाळी सगळं तपकिरी झालेलं पाहून तो रडला. मी त्याला समजावत बसले नाही. वेळ चुकली की जमीन माफ करत नाही, हे त्याला कुठल्या पाठ्यपुस्तकाने इतकं स्पष्ट सांगितलं नसतं.

आणि गावातली माणसं. डोंगराकडे तंबूत राहणारा लायनस, दारूत बुडत चाललेला शेन, बस बंद पडल्यामुळे नोकरी गेलेली पॅम. मोडकं समाजमंदिर दुरुस्त करत गेलं की ती बसही पुन्हा सुरू होते आणि पॅम पुन्हा चालकाच्या जागेवर बसते. सार्वजनिक बस सुरू होणं हे खेळातलं बक्षीस असू शकतं, ही कल्पनाच मला आवडली. एसटीची वाट पाहत मोठं झालेल्या माणसाला त्यातली किंमत कळते. ओळखीही सावकाश होतात. एका माणसाला आठवड्यात दोनच भेटवस्तू देता येतात आणि कुणाला काय आवडतं ते लक्षात ठेवायला लागतं.

त्यामुळे 'पळवाट' म्हणून या गेमला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. दमलेल्या माणसाने तासभर शांत बसावं यात पळणं कसलं? शेती एवढी सोपी नसते, हा दुसरा नेहमीचा आक्षेपही मला पुरेसा वाटत नाही. बुद्धिबळात खरं युद्ध नसतं. खेळ सोपा करूनच खेळायचा असतो. गेममध्ये कर्ज आणि आत्महत्या दाखवा अशी मागणी मी करणार नाही. खऱ्या शेतकऱ्याच्या घरातलं दुःख कुणाच्या करमणुकीत नको.

माझी तक्रार वेगळी आहे. या गेमला जी शांतता आहे ती हिरव्या रानातून, संगीतातून, कोंबड्यांतून येते असं आपल्याला वाटतं. नीट पाहिलं तर ती तीन गोष्टींतून येते. जमीन निर्विवाद आपली आहे. माल कितीही असो, भाव ठरलेला आहे. आणि शेजारी दुसरा शेतकरीच नाही. या तीन गोष्टी काढून घेतल्या तर उरलेल्या चित्रात कुणाला शांत वाटणार नाही. पण गेम त्या तिन्ही इतक्या सहज गृहीत धरतो की त्या दिसतही नाहीत, आणि खेळणारा निघताना मनात एवढंच घेऊन निघतो की शेती म्हणजे शांत जीवन.

जमिनीचं पाहू. आजोबांचं एक पाकीट, एक नातू किंवा नात, आणि अख्खं शेत. आमच्या घरी पणजोबांच्या नावाच्या जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स आहे. वारस लागत लागत त्यावर सतरा नावं झाली होती. त्यांतल्या चार आत्यांनी हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, यावरून दोन घरं पाच वर्षं एकमेकांच्या हळदीला गेली नाहीत. त्याआधीची गोष्ट तर आणखी मोठी आहे, जमीन कसणाऱ्याच्या नावावर यायलाच इथे किती काळ जावा लागला त्याची. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला. खोताची जमीन कसायची नाही म्हणून लोकांनी शेतं पडीक ठेवली आणि लाकूडफाटा विकून दिवस काढले. १९४८ चा कुळकायदा ज्या वाटेने आला त्या वाटेवर हा संप आहे. गेममधल्या पेलिकन टाउन या गावातल्या त्या शेताचा असा काहीच मागमूस नाही. आजोबांच्या आधी ते कुणाचं होतं? झाडझाडोरा माजेपर्यंत ते कसायला कुणालाच का मिळालं नाही? गेम विचारत नाही, त्यामुळे खेळणाऱ्यालाही प्रश्न पडत नाही.

नवी मुंबईत बसून खेळणाऱ्याला मात्र हा प्रश्न पडायला हवा. १९७० साली मुंबईला जोडून नवं शहर वसवायचं ठरलं. ठाणे आणि रायगड, तेव्हाच्या कुलाबा, जिल्ह्यांतली ९५ गावं त्यात आली, ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश. भातशेती, खाजणं, मिठागरं. मोबदल्यासाठी आणि विकसित जमिनीतल्या वाट्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के (विकसित जमिनीतला परत मिळणारा वाटा) हा आकडा इथल्या प्रत्येक गावठाणात ज्या अर्थाने बोलला जातो, तो त्या रक्तातून आलेला आहे. ज्या फ्लॅटमध्ये बसून माझ्या ऑफिसातली मुलं रात्री आपल्या काल्पनिक शेताला पाणी घालतात, त्या फ्लॅटखाली खरं शेत होतं. मला त्यांना अपराधी वाटायला लावायचं नाही. त्यांना हे ठाऊक असावं एवढीच माझी इच्छा आहे.

आता भाव, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट इथेच आहे. गेममध्ये घराशेजारी लाकडी पेटी असते. दिवसभराचा माल तिच्यात टाकायचा. रात्री महापौर लुईस तो घेऊन जातो आणि सकाळी पैसे जमा. एक पार्स्निप टाका की हजार, साध्या प्रतीच्या प्रत्येकाला ३५ नाणीच मिळणार. गावातल्या सगळ्या लोकांनी वर्षभर खाऊनही संपणार नाही एवढी ब्लूबेरी मी एका उन्हाळ्यात पेटीत टाकली. भाव नाण्याने उतरला नाही. वाहतूक नाही, हमाली नाही, तोलाई नाही, अडत नाही, नासाडी नाही.

आमच्या घरापासून वीस मिनिटांवर तुर्भ्याला राज्यातल्या सर्वांत मोठ्या बाजार समित्यांपैकी एक आहे. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, धान्य असे पाच बाजार. पहाटे भाजीबाजारात गेलात तर गाड्या रिकाम्या होताना दिसतात. माल आला त्या दिवशी आवक किती, यावर भाव. मालकाच्या हाती शेवटी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, पडते, आणि तिच्यावर काय लिहिलेलं असेल हे पेरताना कुणालाच माहीत नसतं. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हाती खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक आला, ही बातमी महाराष्ट्राने वाचली आहे. त्याच वर्षी ८ डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. लुईस कधी पेटीला कुलूप लावत नाही.

म्हणजे गेममध्ये काय आहे ते नीट सांगते. प्रत्येक पिकाला आधी जाहीर झालेला भाव आहे आणि कितीही माल आणला तरी पूर्ण खरेदीची हमी आहे. भारतातला शेतकरी वर्षानुवर्षं हेच मागतो आहे. आपल्याकडे केंद्र सरकार २२ पिकांचा हमीभाव जाहीर करतं. साध्या भाताचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. पण जाहीर होणं आणि त्या भावाने प्रत्येकाचा माल उचलला जाणं यात अंतर आहे, आणि कांदा-टोमॅटो तर त्या यादीतच नाहीत. २०२० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर दिल्लीच्या सीमेवर जे शेतकरी बसले त्यांच्या मागण्यांत हमीभावाच्या कायद्याची मागणी होती. ही मागणी ऐकून शहरात अनेकजण वैतागतात. 'सरकारने सगळंच का विकत घ्यायचं', हा प्रश्न माझ्या ऑफिसात मी जेवणाच्या टेबलावर ऐकला आहे. विचारणारा मुलगा स्वतः स्टारड्यूच्या चौथ्या वर्षात होता. त्याला मी म्हटलं, तुझ्या पेटीचा भाव रोज बदलायला लागला आणि कधीकधी दोन नाण्यांवर आला तर तू हा गेम रात्री झोपेच्या आधी खेळशील? तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, मी शेती सोडून मासेच पकडीन. तो अगदी प्रामाणिकपणे बोलला. आपली शेतकरी मुलंही तेच म्हणतात. त्यांना गळाला लागलेला मासा मिळत नाही, रिक्षाचा परवाना किंवा सिक्युरिटीची नोकरी मिळते.

म्हणून या गेमची खरी ताकद आणि खरा दोष मला एकाच ठिकाणी दिसतात. भाव निश्चित असेल तर शेती किती सुखाची होऊ शकते हे त्याने कोट्यवधी लोकांना अनुभवायला दिलं. पण ते सुख भावामुळे आहे हे सांगितलं नाही. (एक अपवाद मला सापडला, आणि तोही भाताचाच. ४० नाण्यांचं रोप लावून मिळणारी साळ पेटीत टाकली तर ३० नाणी येतात. गिरणीतून तांदूळ करून टाकला तर १००. नुसतं पिकवून तोटा आणि प्रक्रिया करणाऱ्याला नफा, हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.)

हाच धागा पुढे नेला तर गेमचा दुसरा दोष समोर येतो. पहिल्या वर्षात झारी हातात घेऊन एकेक रोप भिजवण्यात जे सुख आहे ते तिसऱ्या वर्षापर्यंत उरत नाही. एकदा स्प्रिंकलर आले, सर्वांत भारी स्प्रिंकलर एकटा भोवतीच्या २४ चौकटी भिजवतो, की मातीकडे बघायचं कारण संपतं. फळाची वाइन केली की तिप्पट किंमत मिळते, म्हणून छपराखाली पिंपांच्या रांगा लागतात. खेळणारे कुठलं पीक दिवसाला किती नाणी देतं याचे तक्ते करतात. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचं भूत येऊन आपलं काम तपासतं, आणि त्याच्या २१ गुणांपैकी सात गुण निव्वळ कमाईचे असतात. ज्या कंपनीच्या टेबलावरून उठून आपण आलो, तिच्यासारखंच शेत आपण उभं करतो. सक्ती नाही हे मान्य, झारीनेच दहा वर्षं खेळता येतं. पण खेळाचा उतार त्या दिशेला आहे आणि पाणी उताराकडेच जाणार.

आणि एवढ्या शेतात काम कोण करतं? एकटे आपणच. मजूर नाही, सावड नाही. आजीच्या तोंडून लावणीचं वर्णन ऐकलेलं आहे. मे महिन्यात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, पेरलेलं आवण हातभर वाढलं की उपटून मुठी बांधायच्या, मग गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावायचं, पाठीवर इरलं. आज आपलं शेत, उद्या शेजारणीचं. तिची कंबर कायमची गेली ती त्यात. मी तिला एकदा स्क्रीन दाखवली, तेव्हा तिने बराच वेळ बघून एवढंच विचारलं, "यकटाच हाय का रं त्यो? घरची मानसा कुठं हाईत?" भाच्याला उत्तर सुचलं नाही.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची, म्हणजे बांधाची, आणि इथे मला आमच्या मातीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठाण्याच्या खाडीपासून उरण, पेण, अलिबागपर्यंतची पुष्कळशी भातजमीन ही मुळात समुद्राकडून मिळवलेली आहे. खाडीच्या बाजूला मातीचा मोठा बांध घालायचा, खारं पाणी बाहेर ठेवायचं, आणि पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षं मीठ धुऊन काढत जमीन भाताला तयार करायची. बांधाला ठरावीक ठिकाणी उघाडी असते. भरतीच्या दाबाने तिची लाकडी झडप आपोआप मिटते आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. किती साधी आणि किती हुशारीची रचना आहे ही! अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, की एकाचं शेत जात नाही, आतल्या सगळ्यांची शेतं खारावतात, आणि एकदा शिरलेलं मीठ निघायला पुढचे काही पावसाळे जातात. त्यामुळे खांड दिसली की ज्याचं शेत तिथून सर्वांत लांब, त्यालाही चिखलाचं घमेलं घेऊन धावायला लागायचं. या जमिनीत टिकेल असं भातही वेगळं. जुन्या काळी लाल दाण्याचा राता होता. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती दिल्या. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, आणि ते आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. माझ्या भाच्याच्या शाळेची सहल दरवर्षी वॉटर पार्कला जाते.

इथे शेती म्हणजे बांध धरून ठेवणं होतं, आणि बांध एकट्याने धरता येत नाही. स्टारड्यूच्या गावात पीक घेणारं शेत एकच आहे, आपलं. बाकीचे दुकानदार, सुतार, लोहार, डॉक्टर. मार्नीकडे जनावरं आहेत, पण तीही आपल्याला विकायला. २०१८ पासून मित्रांना आपल्या शेतावर बोलावून एकत्र खेळता येतं, ते चांगलंच झालं. तरी तिथेही सगळे एकाच शेतावर राबतात. पलीकडे दुसऱ्याचं शेत आहे, त्याचं पाणी माझ्याकडे येतं आणि माझं खालच्याकडे जातं, हा अनुभव तिथे नाही. त्यामुळे पाण्यावरून बोलणं नाही, तडजोड नाही, रुसवा नाही, सावडीचं जेवण नाही. सावडीला जेवण शेतावरच व्हायचं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, सगळ्यांनी बांधावर बसून. आजी लावणीचं दुखणं सांगते, आणि त्याच दमात या जेवणाचं सांगते. तिच्या आठवणीतली ऊब सगळी या गर्दीतली आहे.

म्हणून मला वाटतं की आपल्या मुलांनी हे गेम जरूर खेळावेत, आणि आपण त्यांच्या शेजारी बसावं. पेटी उघडी दिसली की तुर्भ्याची गोष्ट सांगावी. एखाद्या पहाटे त्यांना तिथे नेऊनही आणावं, चार वाजता उठणं एका दिवसापुरतं जमतं. शाळांनी पनवेलच्या केंद्राला विचारून लावणीच्या दिवसांत मुलांना चिखलात उतरवावं. विमानतळाभोवतीच्या गावांत अजून भात लागतो आहे, आणि तिथल्या जमिनींचं पुढे काय होणार यावर रोज सभा होत आहेत. ज्या मुलाने तिथे एकदा आवण लावलं आहे तो उद्या मतदार म्हणून त्या प्रश्नाकडे जरा वेगळं बघेल असा माझा विश्वास आहे.

आणि एक गेम आपण करावा. स्टारड्यू व्हॅली बारा भाषांत आहे, जपानी आहे, तुर्की आहे, हंगेरियनही आहे. अधिकृतपणे मराठी नाही, हिंदीही नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत इतके प्रोग्रॅमर बसतात, त्यांतले कितीतरी गावठाणातल्या घरांतले. एका माणसाने साडेचार वर्षांत तो गेम केला, तर चौघांनी मिळून खारभूमीचा गेम का होऊ नये? चार खेळाडू, चार शेतं, मध्ये बांध, बाहेर एक मोठा बांध आणि एक उघाडी. तिथीप्रमाणे उधाण यावं. आपलं आवण लावून झालं नसतानाही खांड बुजवायला जायचं की नाही हे प्रत्येकाने ठरवावं. भाव आवकेवर हलावा, पण चौघांनी माल एकत्र नेला तर थोडा सावरावा. असा गेम शांत वाटेल का, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. मला वाटतं वाटेल. उधाणाची रात्र निभावून सकाळी चौघांची शेतं गोड्या पाण्यात उभी दिसली, की जी निश्चिंती येईल ती मला कुठल्याच पेटीने दिलेली नाही.

तोवर आमच्याकडे स्टारड्यूच आहे. गेल्या महिन्यात भाचा आणि मी एकत्र शेत घेतलं. नदीकाठाला भात लावला आणि मी त्याच्याभोवती दगडी कुंपण घातलं, बांध म्हणून. गेममध्ये त्याचा काही उपयोग नाही, पाण्याशी त्याचा संबंधच येत नाही. पण या गेममधली कुंपणं काही दिवसांनी झिजून पडतात, ती बघत राहायला लागतात, हे मला ठाऊक होतं. आजी बाजूला बसली होती. तिने भाच्याला विचारलं, "आनि पानी कुठून जावाचा?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कुदळ घेतली आणि नदीच्या बाजूचा एक दगड काढून तेवढी जागा मोकळी सोडली. काल पश्चिमेकडचे दोन दगड पडले होते. मी शिफ्टवरून येऊन बघितलं, तर त्याने शाळेत जायच्या आधीच ते लावून ठेवले होते.